फॉक्स लेदरचे कपडे अंगासरसे कसे करायचे

सुती कापडावर चुकीची टीप पडली तर उसवायची, बोटाने कापड चोळायचं आणि एक-दोन धुण्यांत भोकं दिसेनाशी होतात. तिथे सुईने विणीतले दोरे फक्त बाजूला सारलेले असतात, ते पुन्हा जवळ येतात. फॉक्स लेदरचं, म्हणजे नकली चामड्याचं, तसं नाही. ते म्हणजे विणलेल्या कापडावर चढवलेला प्लास्टिकचा पातळ थर. सुई त्या थराला आरपार भोक पाडते आणि ते भोक कायमचं राहतं.

म्हणून या कपड्यांचं बहुतेक काम मशीनवर बसण्याआधी होतं. शिवण्याला अर्धा तास लागत असेल, तर मोजण्याला आणि ठरवण्याला दीड तास द्या. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: जुन्या टीपेची भोकं नव्या शिवणीच्या आत, मार्जिनमध्येच (शिवणीपलीकडे आतल्या बाजूला सोडलेल्या कापडात) गेली पाहिजेत. म्हणजेच फॉक्स लेदरचा कपडा लहान करता येतो. मोठा करायचा तर वेगळी वाट धरावी लागते, तिच्याबद्दल शेवटी.

आधी कपड्याची तब्येत बघा

आतलं लेबल वाचा. पीव्हीसी (पॉलिव्हिनिल क्लोराइड) आणि पीयू (पॉलियुरेथेन) हे दोन प्रकार सर्रास मिळतात. पीव्हीसी बहुधा जाड, थोडं ताठ, नवेपणी प्लास्टिकचा वास येणारं. पीयू मऊ, पातळ, अंगावर बरं पडणारं. लेबल नसेल तर हाताने आणि नाकाने अंदाज येतो. उष्णता दोघांनाही चालत नाही, पण पीव्हीसी फार लवकर मऊ पडून चिकटतं.

पीयूचा एक स्वभाव माहीत हवा. हवेतल्या ओलाव्याने त्याचा थर हळूहळू कमकुवत होतो, चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. कपडा कपाटात न वापरता टांगलेला असला तरी हे होत राहतं. त्यामुळे सात-आठ वर्षं जपून ठेवलेलं जॅकेट दिसायला नवं असलं तरी कामाला उतरेलच असं नाही. कॉलरची घडी, काख, कोपर आणि खिशाचं तोंड या चार जागा उजेडात नीट बघा. आतल्या मार्जिनची कडा दोन बोटांत धरून घट्ट दुमडा. दुमडीवर बारीक चिरा दिसल्या, की तो कपडा आहे तसा वापरून संपवा. न दिसणाऱ्या जागी चिकटपट्टी दाबून ओढा. तिला रंगाचे कण चिकटून आले तरी उत्तर तेच. असल्या कपड्यावर घेतलेली मेहनत पहिल्या चार वापरांत सुटून येते.

मग कपडा आडवा ताणून बघा. पाठीचं कापड होजिअरीसारखं विणलेलं असेल तर ते ताणलं जाईल, साधं विणलेलं असेल तर नाही. सुई कोणती आणि टाका कोणता, हे यावर ठरतं.

कोणतं काम हाती घ्यावं

पहिल्यांदाच करत असाल तर सरळ पँटची किंवा स्कर्टची उंची कमी करा. त्यानंतर बाजूची शिवण आत घेणं. मग मागच्या मधल्या शिवणीतून पँटची कंबर घेणं. कफ नसलेली साधी बाही आखूड करणंही याच पायरीवरचं.

खांदे आत घेणं, मुंढा (बाही जोडतात तो घेर) बदलणं, पुढची चेन हलवणं आणि शिवलेला खिसा सरकवणं ही कामं नवशिक्याने घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. खांदा आत घेतला की बाही सुटते, बाही सुटली की मुंढ्याचा घेर बदलतो, मग बाहीचं डोकं त्यात बसेना होतं. सुती कपड्यात चुणी घालून भागवता येतं. इथे चुणी दबत नाही, ती टेंगळासारखी वर येते. खांद्याला मोठं असलेलं जॅकेट विकत घेताना हे लक्षात ठेवा. छातीला मोठं असेल तर घेता येईल, खांद्याला मोठं असेल तर परत ठेवा.

मापं अंगावरच घ्या

कपडा उलटा घाला, अस्तर बाहेर. त्याच्या आत जे घालणार आहात ते घालूनच. हिवाळी जॅकेट असेल तर स्वेटर हवाच. आता बाजूच्या शिवणी चिमटीत धरून क्लिपा लावत जा. टाचण्या वापरायच्याच नाहीत, प्रत्येक टाचणी म्हणजे दोन भोकं. शिवणकामाच्या क्लिपा नसतील तर कागदाच्या क्लिपा किंवा कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे चालतात. मात्र रात्रभर लावून ठेवू नका, त्यांचा वळ उठतो.

कपडा उलटा घातलेला असल्याने डावी बाजू उजवीकडे आलेली असते. एक खांदा उतरता किंवा एक कुल्ला मोठा असेल, आणि बहुतेकांचं शरीर असंच असतं, तर डाव्या खुणा उजव्यावर जातील. म्हणून क्लिपांच्या जागा खडूने आखून झाल्यावर कपडा सुलटा करून पुन्हा घालून बघा.

क्लिपा लावलेल्या असतानाच बसा, दोन्ही हात पुढे जोडा, वाका. न ताणणारं फॉक्स लेदर अंगाप्रमाणे सैलावत नाही. खरं चामडं वापराने थोडं मोकळं होतं, हे होत नाही. जॅकेटला छातीवर निदान पाच-सहा सेंटीमीटर मोकळीक ठेवा. आरशासमोर ताठ उभं राहून केलेलं फिटिंग गाडीत बसल्यावर पाठीत आवळतं, आणि सततचा ताण त्या टीपेच्या भोकांवर येतो.

आता हिशेब. नवशिके इथेच घोटाळा करतात. शिवणीत कापडाचे दोन पदर असतात. एका शिवणीत एक सेंटीमीटर आत गेलात की घेर दोन सेंटीमीटरने कमी होतो. दोन्ही बाजूंना एक-एक सेंटीमीटर आत गेलात की घेर चार सेंटीमीटरने कमी. घेर चार सेंटीमीटर जास्त आहे म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटीमीटर आत टीप मारली, तर कपडा आठ सेंटीमीटरने लहान होतो आणि परतीचा रस्ता बंद.

आणखी एक बारकावा. बऱ्याच जॅकेटांना शिवणीच्या शेजारून वरून दिसणारी टीप असते. ती शिवणीपासून सहा मिलिमीटरवर असेल आणि तुम्ही फक्त चार मिलिमीटर आत गेलात, तर वरची टीप उसवल्यावर तिची भोकं नव्या शिवणीच्या बाहेर, सगळ्यांना दिसतील अशी राहतात. तिथे सहापेक्षा जास्तच आत जावं लागेल, नाहीतर ती शिवण सोडून दुसरी निवडा. कित्येकदा मागच्या मधल्या शिवणीला अशी टीप नसते आणि सगळं काम तिथून उरकतं.

खुणा आणि उसवणं

खुणा नेहमी उलट्या बाजूला, खडूने किंवा पेन्सिलने. शाईचं पेन सुलट्या बाजूला लागलं तर शाई थरात मुरते आणि फिकट रंगावर ती कधीच निघत नाही. वरून खूण करावीच लागली तर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, आणि तो त्याच दिवशी काढा.

जॅकेटला अस्तर असेल तर आत शिरायचं कसं, हा पहिला प्रश्न. खालची दुमड उसवायची गरज नाही. एका बाहीच्या अस्तराच्या शिवणीत बघा. तयार कपड्यांत तिथे बहुधा एक वीतभर जागा वरून टीप मारून बंद केलेली सापडते. कारखान्यात जॅकेट तिथूनच सुलटं केलेलं असतं. ती उसवा आणि हात घालून अख्खं जॅकेट त्या तोंडातून बाहेर ओढा. सगळ्या शिवणी समोर येतात. अस्तरही तेवढंच आत घ्यायचं आहे हे विसरू नका, नाहीतर ते आत गोळा होऊन राहील.

उसवताना दोन पदर धरून फाडू नका. सुती कापडावर ही सवय खपून जाते, इथे दोऱ्याबरोबर थरही सोलला जातो. एका बाजूने दर तीन-चार टाक्यांवर दोरा कापा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, तो लांबच्या लांब निघून येतो. आणि बाजू आत घेताना जुनी टीप उसवावीच लागते असंही नाही. जुनी टीप मार्जिनमध्येच जाणार असेल तर आधी नवी मारा, मग जुनी काढा. दोन्ही पदर जागेवर राहतात.

कच्चे टाके घालायचे असतील तर नव्या रेषेवर घालू नका. रेषेच्या तीन मिलिमीटर बाहेर, जो भाग मार्जिनमध्ये जाणार आहे तिथे घाला. म्हणजे ती भोकंही लपतात. अंगावर घालून पाहायची ही शेवटची संधी, ती सोडू नका.

सुई, दोरा, टाका

दोरा पॉलिएस्टरचा. सुई नवी कोरी. बोथट सुई थर कापत नाही, आत ढकलते आणि भोकाभोवती खळगा पडतो. नव्वद नंबरची, म्हणजे पाकिटावर ९०/१४ लिहिलेली सुई मध्यम जाडीला चालते. पातळ पीयूला ८०/१२ पुरते. चार पदर एकत्र येतात तिथे किंवा जाड पीव्हीसीला १००/१६. लेदरची म्हणून मिळणारी सुई घ्यायचा मोह होतो, पण तिचं टोक पात्यासारखं असतं. ते भोक पाडण्याऐवजी चीर देतं. खऱ्या, जाड चामड्याला ते हवं असतं. पातळ फॉक्स लेदरमध्ये या चिरा एकमेकींना मिळाल्या तर शिवण टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटत जाते. ताणणाऱ्या कापडाला स्ट्रेच सुई वापरा.

टाका साडेतीन ते चार मिलिमीटरचा ठेवा. रोजच्या शिवणीला अडीच ठेवायची सवय असेल तर मशीनवर बसताना आठवणीने बदला. टाका जितका बारीक तितकी भोकं जवळजवळ आणि शिवण तितकी कच्ची. नाजूक काम म्हणजे बारीक टाका, हे गणित इथे उलटं आहे.

मशीनचा कापड दाबून धरणारा धातूचा फूट या कापडाला चिकटतो. खालचे दाते कापड पुढे ढकलतात, वरचा फूट अडवतो, मग खालचा पदर पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि टाके एकावर एक साचतात. टेफ्लॉनचा फूट किंवा वरचा पदरही पुढे सरकवणारा वॉकिंग फूट असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर फुटाच्या तळाला धूसर चिकटपट्टी लावा आणि सुईपुरतं भोक कापा. दुसरा उपाय म्हणजे कापडावर पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद ठेवून त्यासकट शिवणं आणि नंतर तो हलक्या हाताने फाडून काढणं. दात्यांच्या बाजूलाही थर असेल तर खालीही कागद घाला, दात्यांचे ओरखडे जात नाहीत. फुटाचा दाब कमी करायची सोय मशीनला असेल तर थोडा कमी करा.

हे सगळं आधी तुकड्यावर करून बघा. तुकडा त्याच कपड्याचा हवा. उंची कमी करणार असाल तर खालून कापलेली पट्टी मिळते, म्हणून दोन कामं असतील तर उंची आधी. तुकडा मिळत नसेल तर आतल्या मार्जिनवर दोन इंच टीप मारा.

शिवताना

हळू शिवा. वेगाने सुई तापते आणि प्लास्टिकला चिकटायला लागते. टाके सुटत असल्याचं दिसलं की थांबा, बहुतेक वेळा सुईवर प्लास्टिकचा मळ बसलेला असतो, तो पुसला की भागतं.

टीपेच्या दोन्ही टोकांना मागेपुढे करून पक्की करायची नाही. एकाच जागी सहा भोकं पडली की तिथून फाटायला सुरुवात होते. दोऱ्याची टोकं हातभर लांब सोडा, उलट्या बाजूला ओढून घ्या आणि हाताने दोन-तीन गाठी मारा. कोपऱ्यावर वळताना सुई कापडातच ठेवून फूट उचला.

बाजू आत घेताना नवी टीप जुन्या शिवणीला हळूहळू जाऊन मिळाली पाहिजे. कमरेशी दोन सेंटीमीटर आत आणि काखेत शून्य, असं असेल तर उतार निदान दहा-बारा सेंटीमीटर लांबीचा ठेवा. घाईने मिळवलेली टीप बाहेरून फुगलेली दिसते. मात्र उताराच्या शेवटी जिथे नवी टीप जुनीवर चढते, तिथे जुनी उसवायची नाही.

ताणणाऱ्या लेदर लेगिंग्जचं शास्त्र थोडं निराळं. तिथे सरळ टीप बसता-उठताना तटकन तुटते. अगदी अरुंद झिगझॅग घाला, रुंदी अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपास, लांबी तीन. शिवताना कापड हाताने ताणू नका. कंबर सैल असेल तर शिवण न घेता आतलं इलॅस्टिक बदलणं सोपं, त्याने थराला हातही लागत नाही.

शिवण बसवणं

सुती कपड्याची शिवण इस्त्रीने दबते. इथे इस्त्री जवळ आणू नका. फारच गरज असेल आणि कापड पीयू असेल तर उलट्या बाजूने, मध्ये सुती फडकं, सगळ्यात कमी ताप, वाफ बंद, आणि तेही आधी तुकड्यावर. पीव्हीसीला अजिबात नाही. त्याऐवजी मार्जिन दोन्ही बाजूंना उघडून बोटांनी दाबा, वर फडकं ठेवून लाकडी मुठीने किंवा रबरी हातोड्याने हळू ठोका. मग रात्रभर जड पुस्तकाखाली.

एवढ्याने मार्जिन पडून राहत नसेल तर पातळ गोंद. कापडासाठीचा लवचीक गोंद किंवा रबर सिमेंट वापरतात, पण काही गोंदांतलं द्रावक थराला सुरकुत्या पाडतं किंवा रंग विरघळवतं. आतल्या कोपऱ्यावर थेंबभर लावून एक दिवस वाट बघा. गोंद कमीच लावायचा. तो शिवणीच्या रेषेपर्यंत गेला तर तिथे कडक होऊन बसतो आणि बाहेरून ओळ उमटते.

मार्जिन जास्त उरलं असेल तर कापून एक-सव्वा सेंटीमीटर ठेवा. फॉक्स लेदरच्या कडा सहसा उसवत नाहीत, त्यामुळे कडा दोऱ्याने बांधायचा, ओव्हरलॉकचा खटाटोप लागत नाही. जिथे चार पदर एकत्र येतात तिथे एक पदर दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड कापा, म्हणजे बाहेरून पायरी दिसत नाही.

उंची आणि बाही

पँट किंवा स्कर्टच्या तळाला एकच दुमड द्या. कडा आत वळवून दुहेरी दुमड घालायची गरज नाही, तिचा वळ बाहेर येतो. तीन ते चार सेंटीमीटर दुमड ठेवून बाकीचं कापा. दुमडीच्या आत सहा मिलिमीटर रुंदीची दोन्ही बाजूंनी चिकटणारी शिवणपट्टी लावा आणि मग वाटलं तर कडेने टीप मारा. हाताने तुरपाई करायची असेल तर सुई फक्त पाठीच्या कापडातून न्यायची, थरापर्यंत नाही. पातळ पीयूत हे जमवणं अवघड आहे, तिथे पट्टी किंवा गोंद बरा. घेरदार स्कर्टला दुमडीची आतली कडा लांब पडते. तिला दर दोन-तीन सेंटीमीटरवर छोटे त्रिकोणी काप द्या म्हणजे ती सपाट बसते.

बाहीच्या टोकाला चेन किंवा कफ असेल तर बाही खालून आखूड होत नाही, वरून मुंढ्यातून करावी लागते. हे सराईत शिंप्याचं काम. शिंप्याकडे देताना आधी विचारून घ्या की त्याने फॉक्स लेदर शिवलं आहे का आणि इस्त्री कशी करतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकलं की पुढचं ठरवता येतं.

मोठं करायचं असेल तर

मार्जिन सोडून कपडा मोठा केला तर जुन्या टीपेची भोकांची रांग थेट बाहेर येते. शिवाय आत लपलेला भाग आणि उन्हात वापरलेला भाग यांचा रंगही वेगळा पडलेला असतो. त्यामुळे मोठं करणं म्हणजे नवा तुकडा घालणं.

बाजूच्या शिवणीच्या जागी काखेपासून खालपर्यंत पट्टी घातली की छाती आणि पोट दोन्हींना जागा होते. पट्टीसाठी त्याच रंगाचं फॉक्स लेदर शोधत बसू नका, काळ्यातही दहा छटा आणि दहा चकाक्या असतात, आणि जवळपास जुळणारं सगळ्यात वाईट दिसतं. उघड वेगळं कापड घ्या: जाड रिब (स्वेटरच्या कफासारखं ताणणारं कापड), डेनिम किंवा साबर. रिब असेल तर हालचालीलाही मोकळीक मिळते. पट्टी लावताना जुनी भोकं नव्या टीपेच्या आत जातील इतकं आत शिवा. म्हणजे मूळ कपड्याचं प्रत्येक बाजूला थोडं जास्तच जाणार, तेवढं पट्टीच्या रुंदीत वाढवून धरा. घेर सहा सेंटीमीटर वाढवायचा असेल, तर प्रत्येक बाजूला तीन सेंटीमीटर पट्टी दिसायला हवी. पट्टीच्या दोन्ही कडांना मूळ कपड्याचे पाच-पाच मिलिमीटर जास्त आत गेले, तर दिसणारी पट्टी चार सेंटीमीटरची लागेल, आणि तिचं स्वतःचं मार्जिन त्याहून वेगळं.

केसांच्या ड्रायरने गरम करून ताणायचा उपाय सांगितला जातो. गरम असताना कपडा खरंच थोडा ताणतो. थंड झाल्यावर मात्र एक तर मूळ मापावर येतो, नाहीतर थराला बारीक चिरा पडतात. तसंच कपडा लहान करायला गरम पाण्यात टाकणं किंवा ड्रायरमध्ये फिरवणं. पाठीचं कापड आकसलं तरी वरचा थर तितका आकसत नाही, मग सगळीकडे फुगे येतात.

काम झाल्यावर गोंद वापरला असेल तर एक पूर्ण दिवस कपडा घालू नका. वरचे खडूचे डाग ओलसर मऊ फडक्याने पुसा, लगेच कोरड्या फडक्याने टिपा. टांगायला रुंद खांद्याचा हँगर घ्या आणि वर प्लास्टिकची पिशवी चढवू नका, आत ओलावा कोंडतो. त्याऐवजी जुनी सुती उशीची खोळ चालते.